धागा: गोरेगावच्या रीडेव्हलपमेंट प्लॉटसाठी कॉर्स, स्वतःचा बेस, स्टॅटिक की पीपीपी?

लंबक (धागाकर्ता)

मंडळी, एक नेमका प्रश्न आहे. गोरेगाव पूर्वेला सुमारे ४,२०० चौरस मीटरचा सोसायटीचा प्लॉट. आत तळमजला अधिक चारच्या सात जुन्या इमारती. दोन बाजूंना वीस मजली टॉवर अगदी कुंपणाला चिकटून, तिसऱ्या बाजूला रस्ता, चौथ्या बाजूला नाला. काम दोन भागांत: (१) प्लॉटचा टोपोग्राफिक आणि हद्दीचा नकाशा, (२) नाल्याच्या साधारण ३ किलोमीटरच्या पट्ट्यात तळाच्या आणि काठाच्या लेव्हल.

हाताशी मल्टिफ्रीक्वेन्सी जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा काढणारे) रिसीव्हर दोन, २ सेकंदी टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं) एक, ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी) एक. क्लायंटच्या कागदावर फक्त "डीजीपीएस सर्व्हे" एवढंच लिहिलंय. कुठली पद्धत लावावी: कॉर्स (सरकारी स्थिर स्टेशनांचं जाळं), स्वतःचा बेस (ज्ञात बिंदूवरचा स्थिर रिसीव्हर), स्टॅटिक (एकाच जागी बराच वेळ नोंद) की पीपीपी (एकट्या रिसीव्हरची नोंद, नंतर उपग्रहांच्या अचूक कक्षांवरून हिशोब)?

फिक्स_की_फ्लोट

सिम टाका, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सला लॉगिन करा, फिक्स (सेंटिमीटरचं पक्कं उत्तर) आला की टिपत सुटा. महाराष्ट्रात ७७ स्टेशनं उभी आहेत ती कशाला? दुपारपर्यंत काम संपतं, मग वडापाव.

शंकूसाखळी

वडापावशी सहमत, बाकीच्याशी नाही.

आधी कागदावरच्या "डीजीपीएस" शब्दाचं बघा. आपल्याकडे टेंडरमध्ये जीएनएसएसच्या कुठल्याही कामाला डीजीपीएस म्हणायची पद्धत पडलीय. खरा डीजीपीएस सिग्नलमधल्या कोडवर चालतो, त्यातून फार तर अर्धा-एक मीटर मिळतो. क्लायंटला सेंटिमीटर हवेत, म्हणजे कॅरिअर फेज (खुद्द सिग्नलच्या लहरीवरून मोजणी) हवी. मग ती आरटीके (बेसची दुरुस्ती घेऊन जागेवरच उत्तर) असो, स्टॅटिक असो वा पीपीके (तोच हिशोब घरी येऊन). हे कामाआधी लेखी करून घ्या, नाहीतर बिलाच्या वेळी "डीजीपीएस म्हटलं होतं, टोटल स्टेशन का लावलं" हा वाद ठरलेला.

आता आकाश बघा. वीस मजले म्हणजे साधारण ६० मीटर. कुंपणापासून २० मीटर आत उभं राहिलात तरी त्या बाजूचं आकाश ७१ अंशांपर्यंत झाकलेलं. दोन बाजूंना टॉवर असतील तर रोव्हरला (फिरत्या रिसीव्हरला) उपग्रह दिसतात ते डोक्यावरचे आणि रस्त्याच्या, नाल्याच्या बाजूचे. उपग्रहांची मांडणी (तिचा दर्जा सांगणारा आकडा म्हणजे पीडीओपी) बिघडते ती एकाच दिशेत, आणि चूकही त्याच दिशेत साठते. त्यात टॉवरच्या काचा. थेट सिग्नल अडतो, काचेवरून परतलेला मात्र पोचतो, आणि रिसीव्हर त्यालाच खरा मानून बसतो. स्क्रीनवर "फिक्स", आकडा १२ मिलिमीटर, आणि बिंदू अर्धा मीटर बाजूला. फ्लोट (अजून पक्कं न झालेलं उत्तर) निदान सांगून फसवतो, खोटा फिक्स न सांगता.

लंबक

म्हणजे प्लॉटच्या आत रोव्हर लावूच नये?

खाडीकाठ

लावा, पण एका वेळच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. तपासायची रीत सांगते:

फिक्स आला, ६० ते १८० इपॉकची (नोंदीच्या क्षणांची) सरासरी घेतली. मग फिक्स मुद्दाम तोडायचा, म्हणजे अँटेना झाकायचा किंवा रिसीव्हरवर रीइनिशियलाइझ करायचं. नवा फिक्स, पुन्हा मोजणी. दोन्ही आडव्यात २ सेंटिमीटरच्या आत जुळले तर पहिला टप्पा पार. त्यानंतर तोच बिंदू किमान दोन-तीन तासांनी पुन्हा. उपग्रहांची मांडणी बदललेली असते, त्यामुळे परावर्तनाची चूक दुसरीकडे ढकलली जाते आणि उघडी पडते. पाच मिनिटांनी केलेली दुसरी मोजणी म्हणजे त्याच खोटारड्या साक्षीदाराला तोच प्रश्न पुन्हा विचारणं.

मास्क अँगल (क्षितिजापासून ज्या कोनाखालचे उपग्रह वगळायचे तो) १५ अंश ठेवा. टॉवरमुळे उपग्रह कमी म्हणून मास्क ५ वर आणायचा मोह होतो, तो टाळा. रस्त्याच्या टोकाला क्षितिजालगत जे सापडतात ते सगळ्यांत गोंगाटाचे.

फिक्स_की_फ्लोट

एवढं करेपर्यंत टोटल स्टेशनने अख्खा प्लॉट उरकेल की हो!

शंकूसाखळी

तेच तर सांगतोय. जीएनएसएसने चार-पाच कंट्रोल पॉइंट (बाकी मोजणीला आधार देणारे पक्के बिंदू) द्या, बाकी तपशील टोटल स्टेशनने घ्या. या आकाशाखाली दुसरा शहाणा मार्ग नाही.

गच्चीवरचा_तारा

वाचनखूण साठवली. एक शंका: कंट्रोल कुठे द्यायचे? सोसायटीच्या गच्च्या मोकळ्या असतात, तिथेच ट्रायपॉड लावले तर?

खाडीकाठ

गच्चीवर आकाश उत्तम, पण धाग्याचं नाव वाचा. रीडेव्हलपमेंट. सहा-आठ महिन्यांत इमारत पाडली की कंट्रोल डेब्रिजच्या ट्रकमधून जाणार, आणि पाइलिंगचं आखणीकाम सुरू होईल तेव्हा आधाराला काहीच नसणार. जुन्या गच्च्या वापरायच्या तर फक्त आजच्या मोजणीपुरत्या.

टिकणारे बिंदू प्लॉटबाहेर हवेत. रस्त्यापलीकडची कमी उंचीची इमारत, नाल्यावरच्या पुलाचा कठडा, पलीकडच्या काठाची काँक्रीट भिंत. फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकवर खिळा ठोकू नका, पुढच्या पावसाळ्यापर्यंत ब्लॉक उपटलेले असतात. एकमेकांना दिसणाऱ्या किमान दोन जोड्या द्या, आणि जोडीतलं अंतर जितकं लांब तितकं चांगलं. हिशोब साधा आहे: ६० मीटर अंतरावरचे दोन बिंदू, प्रत्येकात दीड सेंटिमीटर चूक, दोन्ही विरुद्ध बाजूंना. बॅकसाइटची (टोटल स्टेशनला दिशा देणाऱ्या मागच्या बिंदूची) दिशा ६० मीटरला ३ सेंटिमीटर फिरली. तीच दिशा धरून १८० मीटरवर गेलात की ९ सेंटिमीटर. टोटल स्टेशन २ सेकंदी असो की अर्ध्या सेकंदी, त्याचं अचूकपण इथे काही कामाचं नाही.

म्हणून दोन बिंदूंवर अवलंबून न राहता तीन बिंदूंवरून रिसेक्शन (ज्ञात बिंदूंकडे बघून स्वतःची जागा काढणं) करा. तिसरा चुगली करतो.

लंबक

हे पटलं. मग ते कंट्रोल कॉर्स आरटीकेने की स्टॅटिकने?

शंकूसाखळी

स्टॅटिक. कारण रिसीव्हर दोन आहेत, आणि बिंदू मोजकेच.

पुस्तकी आकडे असे: आरटीके आडव्यात ८ मिमी अधिक १ पीपीएम, उभ्यात १५ मिमी अधिक १ पीपीएम. स्टॅटिक आडव्यात ३ मिमी अधिक अर्धा पीपीएमच्या आसपास. हे मोकळ्या आकाशाचे आकडे, ब्रोशरमधले. तरी त्यांच्यातलं गुणोत्तर प्रत्यक्षातही साधारण टिकतं. पीपीएम म्हणजे दर किलोमीटरला एक मिलिमीटर. एकाच बेसवरचा आरटीके असेल तर २० किलोमीटरला २० मिमी वाढले. कॉर्सच्या नेटवर्क दुरुस्तीत आसपासची स्टेशनं मिळून वातावरणाचा हिशोब करतात म्हणून अंतराची झळ कमी बसते, पण ती संपत नाही.

क्रम असा ठेवा. दोन सर्वांत मोकळ्या बिंदूंवर दोन्ही रिसीव्हर एकाच वेळी, किमान दोन तास. नोंदीचं अंतर ५ किंवा १५ सेकंद, म्हणजे कॉर्सच्या रायनेक्स (नोंदींच्या सामाईक साच्यातल्या) फाइलशी इपॉक जुळतील. ७ सेकंद असलं काहीतरी ठेवलंत तर सॉफ्टवेअरला सामाईक क्षण फारच थोडे सापडतात. हे दोन बिंदू जवळच्या दोन-तीन कॉर्स स्टेशनांना बांधा. मग एक रिसीव्हर तिथेच ठेवून दुसरा बाकीच्या कंट्रोलवर २०-३० मिनिटांसाठी फिरवा. शेदोनशे मीटरच्या बेसलाइनला (दोन रिसीव्हरमधल्या अंतराला) तेवढं पुरतं. टॉवरच्या सावलीतल्या बिंदूला मात्र तास द्या.

पीपीपीवाला

सगळे कॉर्सच्या मागे लागलेत. एकच रिसीव्हर पाच-सहा तास लावा, फाइल कॅनडाच्या सीएसआरएस-पीपीपी सेवेला पाठवा, फुकटात सेंटिमीटर. बेस नको, सिम नको, लॉगिन नको.

जिओइडची_खोल

पीपीपी वाईट नाही, पण त्याचं उत्तर कुठल्या चौकटीत येतं ते बघा. तिथून मिळतात ते आयटीआरएफचे (जागतिक संदर्भ चौकटीचे) मोजणीच्या दिवसाचे निर्देशांक. आपली भारतीय प्लेट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येला सरकतेय. कॉर्सचे आणि जीसीपीचे (जमिनीवरच्या ज्ञात बिंदूंचे) निर्देशांक एका ठरावीक इपॉकला (इथे अर्थ संदर्भाची तारीख) बांधलेले असतात. दोन्हींच्या इपॉकमध्ये वीस वर्षांचं अंतर असेल तर एकाच खिळ्याचे दोन निर्देशांक मीटरभर लांब दिसणार. दोन्ही बरोबर! भांडण लागतं ते अर्धा प्लॉट पीपीपीवर आणि अर्धा कॉर्सवर मोजला की.

शिवाय वेळ. रॅपिड ऑर्बिट (उपग्रहांच्या कक्षेचे आकडे) दुसऱ्या दिवशी, फायनल साधारण दोन आठवड्यांनी. आणि पीपीपीला स्थिरावायला अखंड डेटा लागतो, टॉवरमागे उपग्रह सारखा तुटत राहिला तर प्रत्येक तुटीला पुन्हा पहिल्यापासून. पीपीपी शोभतो तो जवळ काहीच नाही तिथे. मुंबईत वापरायचाच तर स्वतंत्र पडताळा म्हणून, इपॉक बदलून.

फिक्स_की_फ्लोट

म्हणजे गोरेगाव वर्षाला ५ सेंटिमीटर सरकतं? सिग्नलवर उभ्या गाड्यांपेक्षा जास्तच की.

मीटर_गुंठा

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण कोणी मूळ मुद्द्यावर येईना म्हणून लिहितो. क्षेत्रफळ कुठल्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या पद्धतीत) काढणार?

मुंबई यूटीएम या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर झोनच्या पश्चिम कडेला आहे. मध्यवर्ती रेखांश ७५ अंश, आपण ७२.८५ च्या आसपास. मध्यावर स्केल ०.९९९६, पण इथे येईपर्यंत तो एकाच्या वर जातो, गोरेगावला सुमारे १.०००२३. त्यात आपली जमीन लंबगोलाच्या (पृथ्वीच्या गणिती आकाराच्या) ६० मीटर खाली, त्याचा आणखी एक शतसहस्रांश. एकूण ग्रिडवरचं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरला सुमारे २४ सेंटिमीटर जास्त. १०० मीटरच्या कुंपणाला २.४ सेंटिमीटर.

क्षेत्रफळात हे दुप्पट होतं. ४,२०० चौरस मीटरला सुमारे २ चौरस मीटर, म्हणजे एकवीस-बावीस चौरस फूट फुगवटा. मुंबईत एवढ्यात न्हाणीघर बसतं.

तर कंट्रोल यूटीएममध्ये ठेवा, पण प्लॉटच्या मध्याजवळचा एक बिंदू धरून तिथला संयुक्त फॅक्टर (स्केल आणि उंची मिळून) काढा आणि जमिनीवरच्या अंतरात आणलेली स्थानिक ग्रिड करा. तिचे आकडे मुद्दाम लहान ठेवा, उदाहरणार्थ ५०००, ५०००, म्हणजे कोणी तिला चुकून यूटीएम समजणार नाही. नकाशावर फॅक्टर छापा. टोटल स्टेशनमध्ये फॅक्टर एकदा आणि कॅडमध्ये पुन्हा एकदा, असा दोनदा लागू नये एवढं बघा. ही चूक फार होते, आणि ती पद्धतीच्या निवडीमुळे होत नाही.

खाडीकाठ

अनुमोदन. उत्तरेचंही लिहा. इथे ग्रिड उत्तर आणि खरी उत्तर यांत सुमारे ०.७ अंशाचा फरक पडतो. सिटी सर्व्हेची जुनी शीट खाली टाकली की ती "फिरलेली" का दिसते, त्याचं अर्धं कारण हे.

निमताना

शीटचा विषय निघालाच आहे तर. हद्द जीएनएसएसने सापडत नाही, हे कोणी बोलत नाहीये. रिसीव्हर फक्त सांगतो की तुम्ही कुठे उभे आहात. हद्द तिथे आहे का, हे मिळकत पत्रिका, सीटीएस (सिटी सर्व्हे) नकाशा आणि जागेवरच्या जुन्या खुणा सांगतात. १:५०० च्या शीटवर पाव मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर साडेबारा सेंटिमीटर. त्यावर २ सेंटिमीटरचा रोव्हर घेऊन "हद्द ८ सेंटिमीटर आत आहे" असं छातीठोक सांगणं म्हणजे किराणा दुकानाच्या काट्यावरचा माल सोन्याच्या काट्यावर तपासणं. तालुक्याच्या बाजूला गेलात तर टिपणावर माप शंकू साखळीत, ३३ फुटांची साखळी, १६ आणे. एक आणा म्हणजे सुमारे ६३ सेंटिमीटर.

खाजगी मोजणी नकाशा डिझाइनला चालतो. शेजाऱ्याशी वाद असेल तर सिटी सर्व्हे कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, आणि भूकरमापक येईल त्या दिवशी तुमचे कंट्रोल त्याला दाखवा. भूमी अभिलेख खातंही आता कॉर्सवर रोव्हर चालवतं. चौकट एकच असेल तर दोन नकाशांची तुलना निदान शक्य होते.

शंकूसाखळी

आयडी माझा आणि साखळीचं माप तुम्ही सांगताय, हे बरं नाही. बाकी शब्दाशब्दाशी सहमत.

गच्चीवरचा_तारा

अवांतर: आपला नाविक (भारतीय उपग्रह प्रणाली) का नाही कोणी घेत? डोक्यावर असतो म्हणतात, टॉवरमध्ये उपयोगी पडेल.

जिओइडची_खोल

कल्पना चांगली. नाविकचे उपग्रह भूस्थिर आणि कललेल्या भूसमकालिक कक्षांत, त्यामुळे आपल्याकडून बरेच उंच दिसतात. पण आरटीकेत तोच उपग्रह मोजला जातो जो बेसला आणि रोव्हरला दोघांनाही दिसतो आणि ज्याची दुरुस्ती प्रवाहात येते. रोव्हरच्या स्क्रीनवर ४० उपग्रह दिसतात म्हणून ४० वापरात आहेत असं नव्हे, "वापरलेले" हा आकडा वेगळा बघा. माउंट पॉइंट (दुरुस्तीचा प्रवाह) निवडताना कुठल्या प्रणालींची दुरुस्ती मिळते तेही तपासा. नुसत्या जीपीएस-ग्लोनासचा प्रवाह घेतलात तर बायडू आणि गॅलिलिओ फुकट जातात, आणि आपल्या आकाशात बायडू भरपूर असतो.

गगनचं (उपग्रहावरून मिळणाऱ्या भारतीय दुरुस्ती सेवेचं) कोणी विचारायच्या आत: ते विमानांसाठी, मीटरच्या घरातलं. झाडं, दिव्याचे खांब यांची यादी करायला चालेल, हद्दीला नाही.

रेंज_नाही

स्वतःचा बेस लावायचा पर्याय कोणीच घेतला नाही. नाल्याच्या पट्ट्यात काही ठिकाणी मोबाइल रेंज मरते, तिथे एनट्रिप (इंटरनेटवरून येणारी दुरुस्ती) बंद.

मात्र यूएचएफ रेडिओला वायरलेस परवाना लागतो, तो नसेल तर तो विषय सोडा. शहरात इमारतींमधून रेडिओ तसाही दोन-तीन किलोमीटरपलीकडे भरवशाचा नाही. सोपा मार्ग पीपीके: बेस ज्ञात कंट्रोलवर नोंद करत राहील, रोव्हरही नोंद करत फिरेल, घरी येऊन जुळवायचं. तोटा एकच, जागेवर कळत नाही की फिक्स मिळाला का. म्हणून प्रत्येक बिंदूवर थोडं जास्त थांबा.

आणि बेस "इथेच" बटण दाबून सुरू करू नका. त्या क्षणाचा निर्देशांक दोन-चार मीटर चुकलेला असतो, सगळं काम आतून जुळतं आणि अख्खंच्या अख्खं सरकतं. आतून जुळत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

लंबक

भाग दोन अजून राहिलाय. नाल्याच्या लेव्हल?

टाउनहॉल_पायरी

त्याचीच वाट बघत होतो. जीएनएसएसने नाही. आरटीकेच्या उंचीत शहरात ३ ते ५ सेंटिमीटर सहज इकडेतिकडे. नाल्याचा उतार हजारात एक असेल तर ५० मीटरच्या चेनेजला (नाल्याच्या लांबीतल्या टप्प्याला) उतार ५ सेंटिमीटर. म्हणजे तुमची चूक आणि नाल्याचा उतार सारखेच! नकाशावर पाणी मधेच डोंगर चढताना दिसेल.

शिवाय उंची कुठून मोजली? एकाच मॅनहोलच्या झाकणाला लंबगोलावरून उणे साठच्या आसपास आकडा येतो, समुद्रसपाटीवरून चार-पाच मीटर, आणि महापालिकेच्या टाउन हॉल डेटमवर (उंची मोजायच्या त्यांच्या शून्य पातळीवरून) पंचवीस-तीस मीटरच्या घरात. पर्जन्य जलवाहिनीची जुनी रेखाचित्रं टाउन हॉल डेटमवर असतात. डेटमचं नाव न लिहिता आरएल (त्यावरून मोजलेली उंची) दिला तर तो आकडा कुठलाही असू शकतो.

जवळचे दोन बेंचमार्क महापालिकेकडून लेखी घ्या, एकमेकांशी तपासा, मग ऑटो लेव्हलने जाऊन-येऊन. ३ किलोमीटरला क्लोजर (जाऊन-येऊन उरलेला फरक) १२ गुणिले वर्गमूळ ३, म्हणजे २१ मिलिमीटरच्या आत. बॅकसाइट-फोरसाइटची (मागच्या-पुढच्या बिंदूंची) अंतरं सारखी ठेवा, सकाळी टू-पेग चाचणी (लेव्हलची नजररेषा आडवी आहे का ते बघणारी) करून निघा. तळाची लेव्हल घेताना स्टाफ (मापाची काठी) गाळात रुततो, खाली पत्र्याची चकती लावा आणि गाळाचा माथा व पक्का तळ वेगळे नोंदवा. नाल्याच्या कडेची आडवी जागा मात्र खुशाल रोव्हरने घ्या.

खाडीकाठ

वेळेचंही सांगून ठेवते. सूर्य मावळल्यापासून मध्यरात्रीपर्यंत स्टॅटिकसुद्धा टाळा, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपण विषुववृत्तीय आयनोस्फिअरच्या पट्ट्यात येतो, संध्याकाळी त्यात बुडबुडे तयार होतात, सिग्नल थरथरतो आणि फिक्स सारखा सुटतो. सौर चक्र चढतीला असेल तेव्हा जास्तच. रिसीव्हर बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटरला पाठवायच्या आधी घड्याळ बघा.

लंबक

सगळ्यांचे आभार. आता असं ठरवलंय: बाहेर पाच कंट्रोल, दोन पुलाकडे, दोन रस्त्यापलीकडे, एक पलीकडच्या काठावर. त्यातले दोन कॉर्सला स्टॅटिकने, बाकीचे त्यांच्यावरून. वेळ सकाळी ८ ते १. मग स्थानिक ग्रिड, तपशील टोटल स्टेशनने. नाला ऑटो लेव्हलने, टाउन हॉल डेटमवर. कॉर्स आरटीके फक्त कंट्रोलचा पडताळा म्हणून. काही राहिलं?

शंकूसाखळी

अँटेनाची उंची. सुरुवातीला आणि शेवटी दोनदा मोजा, आणि तिरकी की उभी ते फील्डबुकात लिहा. ट्रायपॉडवर तिरकी मोजून सॉफ्टवेअरला उभी सांगितली तर काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर तिथेच गेले. अँटेनाचं मॉडेलही नेमकं निवडा. ट्रायब्रॅकचा (ट्रायपॉडवरच्या बैठकीचा) ऑप्टिकल प्लमेट (बरोबर बिंदूवर आहोत का ते दाखवणारी दुर्बीण) निघण्याआधी तपासा. पोल वापराल तिथे बबल तपासा, २ मीटरच्या पोलला १ अंश कल म्हणजे खाली साडेतीन सेंटिमीटर. टिल्टवाला (पोलचा कल स्वतः धरणारा) रिसीव्हर असेल तरी कंट्रोलवर टिल्ट बंद आणि बायपॉड चालू.

मीटर_गुंठा

आणि रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडून गच्चीची चावी. पीडीओपीचा अंदाज सॉफ्टवेअर देतं, तिचा कोणी देत नाही.

लंबक

चावी वॉचमनकडे असते म्हणे. वॉचमन गावी गेलाय.

फिक्स_की_फ्लोट

मग तोवर वडापाव.